मनाच्या ताटीचा विचार

।। श्री ज्ञानदेव तुकाराम ।।

ताटीच्या अभंगांचा प्रसंग आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? कोणा एकाच्या कुत्सित बोलण्याने ज्ञानोबारायांचे मन दुखावले, ते झोपडीत गेले आणि आतून ताटी लावून बसले. बाहेर धाकटी मुक्ताई उभी. हा प्रसंग मी चाळीस वर्षे कीर्तनात लावीत आलो आहे. श्रोत्यांच्या डोळ्यांना पाणी येते, टाळकऱ्यांचा गळा दाटतो, आणि खरे सांगायचे तर त्या पाण्यावरच मी समाधान मानीत होतो. मुक्ताई त्या दाराशी उभी राहून नेमके काय करते, हे मला साठी उलटल्यावर कळले. आणि तेही पोथीतून नव्हे, सांगलीच्या एका दवाखान्यातील बाकावर बसून कळले. तीच हकिकत आज लिहावयाची आहे.

आधी मुक्ताई काय करीत नाही ते पाहा. ती त्या निंदकाच्या घरी भांडायला जात नाही. "त्याला तुमची क्षमा मागायला लावते, मग तर बाहेर याल ना?" असे म्हणत नाही. "रडू नका, विसरून जा," असेही म्हणत नाही. घडलेली गोष्ट जशीच्या तशी राहते; निंदा झाली ती झालीच. मुक्ताई हात घालते तो त्या निंदेविषयी ज्ञानोबांच्या मनात जो विचार उभा राहिला त्याला. दादा, तुम्ही कोण, योगी कोणाला म्हणावे, सगळे एकच असेल तर रागवायचे कोणावर? आपल्याच देहातल्या दातांचा आणि जिभेचा दाखला ती देते, तो आपणा सर्वांस पाठ आहे, म्हणून इथे उतरवीत नाही. एकेक विचार ती समोर ठेवते आणि तपासायला लावते. विचार बदलला तसा राग निवला, आणि राग निवला तशी ताटी उघडली. विचार, भावना आणि कृती, या तिन्हींचा क्रम इथे स्पष्ट आहे. आम्ही कीर्तनकार मात्र करुणरसातच अडकून पडलो!

आता दवाखान्याची गोष्ट. ज्यांची ती आहे त्या गृहस्थांना विचारूनच लिहीत आहे. नाव घालीत नाही. आमच्या विट्याच्या बाजूचे ते विणेकरी. घरचे चार यंत्रमाग. थोरले बंधू गलाईच्या धंद्यात परप्रांती. आमच्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातली किती घरे सोने-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. तर एका अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे तीनचा विण्याचा पहारा यांच्याकडे होता. दोन रात्री मागावर जागरण झालेले, पोटात अन्न नाही. उभ्या उभ्या भोवळ आली, गृहस्थ बसले आणि वीणा जमिनीला टेकली. शेजारच्याने लगेच उचलली, भजन खंडले नाही, कोणी एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी परप्रांतातून फोन आला, थोरले बंधू हृदयविकाराने गेले.

झाले! यांच्या मनाने दोन्ही गोष्टींची गाठ मारली. माझ्या हातून वीणा टेकली म्हणून पांडुरंग कोपला, म्हणून दादा गेला. दादाला मीच मारले. बोलून दाखवले नाही. देवळात येणे थांबले. माग दुसऱ्याच्या हवाली केले. रात्रभर अंथरुणावर बसून राहायचे, जेवण दोन घासांवर आले. वहिनी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "महाराज, तुमचं ऐकतील." मी गेलो. आणि मी काय सांगितले? जे आजवर शेकडो जणांना सांगितले तेच. "माउली, नाम घ्या. नामात सगळे आहे. मन लावून घ्या, आठ दिवसांत बरे वाटेल."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर माणूस आणखी खंगलेला. मला म्हणतात, "महाराज, नाम घिऊन बी झोप लागंना. तुम्ही म्हणला हुता मन लावून घ्या. म्हंजी माझंच मन पापी. देव नाव बी घिऊ दीना मला." वाचक हो, मी जे औषध म्हणून दिले ते त्यांच्या दुखण्याने गिळून टाकले आणि त्यावर ते अधिक पोसले. नाम खोटे नव्हते. परंतु ज्या मनात "मी अपराधी" हा विचार ठाण मांडून बसला आहे, त्या मनात टाकलेली प्रत्येक गोष्ट त्या विचाराचाच पुरावा होऊन बसते, हे मला ठाऊक नव्हते. निघताना ते एवढेच म्हणाले, "आता कशासाठी जगायचं?" मी ते वैराग्याचे बोलणे समजून घरी आलो. माझ्या आयुष्यातल्या मोठ्या चुकांपैकी ही एक.

शहाणपण दाखवले ते त्यांच्या पुतण्याने. बाप गेलेला, तरीही चुलत्यासाठी गावी थांबलेला तो पोरगा. त्याने चुलत्याला मोटारीत घातले आणि सांगलीला मानसरोगतज्ज्ञांकडे नेले. मी विरोध केला नाही, पण मनातून नाराज होतो. आपल्याकडे मनाचा दवाखाना म्हटले की रत्नागिरी नाहीतर येरवडा, आणि तिथे गेलेला माणूस म्हणजे वेडा, एवढीच समजूत. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्यातून एकदा शेजारच्या खोलीत एका समुपदेशक बाईंकडे बसायला सांगितले. तिसऱ्या-चौथ्या खेपेस बाईंचा निरोप आला की तुमच्या संप्रदायातील जाणते कोणी असतील तर त्यांना एकदा बरोबर आणा. असा मी त्या बाकावर जाऊन पोहोचलो.

बाईंनी मला उपदेश करायला बोलावलेच नव्हते. साक्षीदार म्हणून बोलावले होते! विणेकऱ्यांच्या समोर त्यांनी मला विचारले, "महाराज, पहाऱ्यावरच्या माणसाला भोवळ आली आणि वीणा टेकली, असे तुमच्या पाहण्यात आणखी कधी झाले आहे का?" मी म्हणालो, "झाले आहे की. वय झालेली माणसे असतात, दोन-तीनदा पाहिले आहे." "मग त्यांच्या घरी कोणी वारले का?" मी आठवून पाहिले. नाही. "आणि ज्यांच्या हातून वीणा कधीच टेकली नाही त्यांचे भाऊ वारत नाहीत का?" आता याला काय उत्तर द्यावे? बाईंनी पुढे काहीच सांगितले नाही. विणेकऱ्यांकडे वही सरकवली आणि म्हणाल्या, "महाराजांनी जे सांगितले ते तुम्हीच तुमच्या हाताने लिहा."

मी संस्कृत पाठशाळेत न्याय घोकलेला माणूस. त्या बाकावर बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले की या बाईंनी अन्वय-व्यतिरेक लावला! जिथे कारण तिथे कार्य दिसते का, आणि जिथे कारण नाही तिथे कार्याचाही अभाव दिसतो का. दोन्हीकडे तपासल्यावाचून कार्यकारणभाव मानू नये, हा न्याय गुरुजींनी आम्हांला छडी घेऊन शिकविला होता. आणि काकतालीय न्याय तर पहिल्या वर्षाचा पोरही सांगेल. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. ही सारी विद्या माझ्या मुखात होती. परंतु एक जीव माझ्यासमोर कावळ्याच्या आणि फळाच्या गाठीत गुदमरत होता, तेव्हा ती मला आठवली नाही. पाठशाळेत शिकलेले वादात वापरायचे आणि कीर्तनात मिरवायचे, माणसासाठी वापरायचे नाही, अशी आम्हां लोकांची रीतच पडली आहे. असो.

मग मी या विद्येची थोडी विचारपूस केली, पुतण्याने पुस्तके आणून दिली. त्यातून जे समजले ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले (१९१३–२००७). प्रारंभी ते फ्रॉइडच्या पद्धतीने उपचार करीत, म्हणजे रोग्याला बालपणीच्या आठवणी काढत वर्षानुवर्षे बोलू द्यायचे. त्यात त्यांना गुण दिसेना. १९५५ साली त्यांनी आपली निराळी पद्धत मांडली. तिचा गाभा असा, की घडलेली घटना सरळ आपल्याला दुःखी करीत नाही; घटना आणि दुःख यांच्या मध्ये त्या घटनेविषयीचा आपला समज उभा असतो, आणि दुःखाचा आकार तो समज ठरवतो. हे आपले नवे संशोधन आहे असा दावा एलिस यांनी केला नाही. रोमन साम्राज्यात एपिक्टेटस नावाचा एक तत्त्वज्ञ होता, जन्माने गुलाम, त्याच्या शिकवणुकीचे ऋण त्यांनी उघड मान्य केले. त्याच सुमारास फिलाडेल्फिया येथे डॉ. अॅरन बेक (१९२१–२०२१) हे खिन्नतेच्या रोग्यांवर काम करीत होते. त्यांना आढळले की या रोग्यांच्या मनात आपोआप, न बोलावता, एकामागून एक विचार येत असतात: मी निरुपयोगी, जग वाईट, पुढे काही चांगले होणार नाही. इतक्या वेगाने येतात की रोग्याला ते विचार वाटतच नाहीत, सत्यच वाटते. त्या विचारांना थांबवून, लिहून काढून, पुराव्याला लावण्याची पद्धत बेक यांनी बसविली. आज जगभर या दोन्ही प्रवाहांचा उपचार चालतो आणि खिन्नता, भीती, चिंता यांवर त्याचा गुण येतो हे पुष्कळ ठिकाणी तपासून पाहिले गेले आहे.

मराठी मुलखात ही विद्या आणणाऱ्यांचे नाव घेतले पाहिजे. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि ती मराठी माणसांत रुजविली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. 'विवेक' हा आपला शब्द, संतांच्या घरचा! ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, तिथे ही पद्धत चालते. आणि संतवाङ्मयाशी तिचा मेळ त्यांनी आपल्या व्याख्यानांतून घातला आहे. आम्हां कीर्तनकारांनी करावयाचे काम एका डॉक्टराने केले, हे पाहून मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

एलिस यांची एक गोष्ट कीर्तनात सांगण्याजोगी आहे, जरी ती सांगताना मंडपातल्या म्हाताऱ्या मंडळींकडे मी पाहत नाही. हे एकोणीस वर्षांचे असताना बायकांशी बोलायला इतके भीत की घशातून शब्द फुटत नसे. मग स्वतःवरच प्रयोग केला. न्यूयॉर्कच्या वनस्पतिउद्यानात महिनाभर रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली कोणीही बाई दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभरेक जणींशी बोलले. एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले, तीही आली नाही! हिशेबाने पूर्ण अपयश. पण कोणी मारले नाही, पोलिसांना बोलावले नाही, आकाश कोसळले नाही, आणि भीती मात्र निघून गेली. यात मुद्दा असा, की विचार नुसता डोक्यात बदलून भागत नाही, त्याला पायांनी चालवून आणावे लागते. आपण वारीला पायी का जातो? ज्ञानेश्वरी घरी बसूनही वाचता येते.

आता आपल्या शास्त्रात हे कुठे आहे ते पाहू. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत भगवंतांनी अधःपाताची साखळी सांगितली आहे. आरंभ कुठून? विषयाच्या चिंतनापासून. चिंतनातून आसक्ती, तीतून कामना, कामनेतून क्रोध, आणि पुढे स्मृती व बुद्धी यांचा नाश. पहिली कडी विचाराची आहे, क्रोध नंतरचा. आपण मात्र क्रोधाशी झोंबत बसतो, "रागावू नकोस" म्हणून माणसाला दटावतो, आणि चिंतनाची कडी तशीच राहते. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात सांगितले की हिंसेसारखे दुष्ट वितर्क त्रास देऊ लागले तर प्रतिपक्षभावना करावी, त्याच्या विरुद्ध बाजूचे चिंतन जाणून-बुजून करावे. आणि पहिल्या अध्यायातला अर्जुन पाहा. तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, त्वचेची आग झाली, गांडीव हातातून गळू लागले. डॉक्टरांसमोर हीच लक्षणे सांगितली तर ते लिहून घेतील! भगवंतांनी समोरचे सैन्य हटवले नाही. अठरा अध्याय त्याच्या विचारांशी बोलले, आणि शेवटी काय म्हणाले? आता पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसे कर. जबरदस्ती नाही. त्या खोलीत बाईंनी वही सरकवली तेव्हा मला तेच आठवले.

नाथबाबांचे आख्यान घ्या. पैठणास गोदावरीचे स्नान करून येताना एक मनुष्य अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नान करून येतात, तो पुन्हा थुंकतो. असे एकशे आठ वेळा झाले अशी परंपरा आहे. घटना एकच. त्या जागी मी असतो तर माझ्या मनात आले असते, "माझ्यासारख्याचा अपमान? हा होताच कामा नये!" पुढे काय घडले असते ते सांगत नाही. नाथांनी पाहिले की याच्यामुळे आज गोदामाईचे इतके स्नान घडले. थुंकी तीच, समज निराळा, म्हणून शांती.

इथे 'च' या अक्षराकडे लक्ष द्या. एलिस यांचे सांगणे असे की माणसाचे बरेचसे दुःख हट्टातून येते: माझ्या हातून नीट झालेच पाहिजे, लोकांनी माझ्याशी नीट वागलेच पाहिजे, जग मला हवे तसे असलेच पाहिजे. आपल्या मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. "मुलाने माझे ऐकावे" ही इच्छा झाली, ती असू द्यावी. "मुलाने माझे ऐकलेच पाहिजे" म्हटले की रात्रीची झोप गेली. इच्छा मोडली तर वाईट वाटते. हट्ट मोडला तर माणूस मोडतो.

आता रीत सांगतो, कारण नुसते तत्त्व ऐकून उपयोग नाही. एक वही करावी. मन बिघडले की आधी काय घडले ते लिहावे, जसे पंचनाम्यात लिहितात तसे, आपले मत न मिसळता. "गुडघ्याने दगा दिला, यंदा आषाढीची वारी चुकली." मग त्या वेळी मनात काय आले ते शब्दशः लिहावे: "माझी सेवा संपली, पांडुरंगाने मला टाकले." मग काय वाटले आणि आपण काय केले तेही लिहावे: "उदास झालो, हरिपाठालाही गेलो नाही." इथवर माणूस सहज येतो. कठीण भाग पुढेच. त्या विचाराला विचारायचे, बाबा रे, तुझे प्रमाण काय? प्रत्यक्ष की अनुमान की नुसते ऐकीव? वारी चुकली हे प्रत्यक्ष आहे. देवाने टाकले हे कुणी पाहिले? माझ्या दिंडीतला दुसरा कोणी गुडघ्यामुळे घरी राहिला असता तर त्याला मी काय म्हणालो असतो? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. दुसऱ्यासाठी आपण सारे दयाळू न्यायाधीश असतो. स्वतःची पाळी आली की साक्षीपुराव्यावाचून फाशी! मग जो विचार पुराव्याला उतरेल तो लिहावा: "यंदा चालणे झाले नाही, याचे वाईट वाटते. गुडघ्याचा उपचार करायचा आहे. हरिपाठ घरच्या देवळात आहे, तिथवर जाता येते." आणि त्याच संध्याकाळी उठून जावे. गेल्यावाचून वही पुरी होत नाही.

ध्यानात घ्या, नवा विचार गोड नाही, खरा आहे. "सगळे छान आहे, मी आनंदी आहे" असे आरशापुढे घोकण्याची जी टूम निघाली आहे, तिच्याशी या विद्येचा संबंध नाही. अंधारात दोरीला साप समजून घाम फुटला, तर "साप मला चावणार नाही, साप चांगला आहे" म्हणणे हा उपाय नव्हे. दिवा आणून पाहावे. दोरी असेल तर भीती जाईल. साप असेल तर काठी आणावी.

हो, कधी खरोखर सापच असतो. म्हणून एक इशारा देतो. विचार बदला, असे जो तो दुसऱ्याला सांगू लागला तर त्यासारखे क्रूर काही नाही. सुनेला घरात मार बसतो आणि कीर्तनकार सांगतो, "बाई, नाथांसारखी शांती ठेव". हे पाप आहे आणि ते आमच्याकडून घडलेले आहे. नाथांनी शांती स्वतः ठेवली, दुसऱ्यावर लादली नाही. आमच्या या कोरड्या तालुक्यात कृष्णेचे पाणी आले ते टेंभूच्या योजनेने, पंपांनी उचलून आले. त्यासाठी नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी पाणी परिषदा घेतल्या, दुष्काळी माणसाला जागे केले. दुष्काळाविषयीचा विचार बदलून कोणाचे रान भिजले नाही. पण असे पाहा: "आमच्या नशिबातच पाणी नाही" हा विचार बदलल्याशिवाय ती माणसे परिषदेला तरी कशी आली असती?

दुसरी शंका दिंडीतल्या एका वृद्धाने मला विचारली. "महाराज, तो एलिस नास्तिक हुता म्हणं. त्याचं आपुन का घ्यायचं?" होता खरा, उघडपणे नास्तिक होता. परंतु आपल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला आपण आधी हरिपाठ म्हणायला लावतो का? उपचार हा उपचार आहे, तो भक्तीची जागा घेत नाही, घेऊ शकत नाही. उलट मी असे पाहिले की अपराधाच्या गुंत्यातून सुटल्यावर माणूस नामाला जास्त मोकळेपणाने लागतो. संतांनी अनुताप थोर मानला, पण अनुताप आणि हा अपराधगंड एक नव्हेत. अनुताप झालेला माणूस देवळाकडे धावतो. आमचे विणेकरी तर देवळाची वाट टाळून गल्लीच्या मागून फिरत होते.

आणि हेही स्पष्ट लिहितो की वही म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा नव्हे. दुखणे अंगात भिनले असेल, झोप-अन्न तुटले असेल, कानात आवाज येत असतील, तर आधी डॉक्टर, आधी गोळ्या. आमच्या विणेकऱ्यांना गोळ्यांनी झोप लागू लागली तेव्हाच ते वहीत दोन ओळी लिहू शकले. आणि कोणी "कशासाठी जगायचं" असे म्हणाले तर माझ्यासारखे ते वैराग्य समजू नका. स्पष्ट विचारा, "जिवाचे काही करून घ्यावे असे मनात येते का?" विचारल्याने माणसाच्या मनात तसे भरते, ही समजूत चुकीची आहे; उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका आणि दवाखान्यात न्या. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. दिंडीच्या चोपदारांनी आणि फडाच्या मालकांनी हा क्रमांक आपल्या वहीत टिपून ठेवावा अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे शेतीच्या कर्जात आणि मागाच्या मंदीत पिचलेली माणसे आधी आपल्याशीच बोलतात.

विणेकऱ्यांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. बाईंनी त्यांना एकदम वीणा घ्यायला लावले नाही. पहिल्या आठवड्यात देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन परत यायचे. पायरीवर छातीत धडधडले, तसेच उभे राहायचे, धडधड आपोआप कमी होते का ते पाहायचे. मग हरिपाठाला शेवटच्या ओळीत बसायचे. मग टाळ. प्रत्येक वेळी वहीत एक आकडा लिहायचा: "दादा माझ्यामुळे गेला" हे आज शंभरात किती खरे वाटते? आमच्या विणेकऱ्यांना शंभराचा हिशेब जमेना, त्यांनी आण्यात लिहिले. पहिल्या पानावर आहे, सोळा आणे. देवळाच्या पायरीच्या पानावर चौदा. मी साक्ष दिली त्या दिवशी अकरा. मध्ये भावाच्या वर्षश्राद्धाला पुन्हा पंधरावर गेले होते, तेही लिहिले आहे. बाई म्हणाल्या, ते तसे व्हायचेच, लिहीत राहा. भावासाठी ते रडले ते त्यानंतर. तोवर नुसती स्वतःला शिक्षा चालली होती, शोक करायला सवडच मिळाली नव्हती. वहिनी म्हणाल्या, "त्या रात्री पहिल्यांदा जेवण मागून घेतलं."

गेल्या सप्ताहात पहाटे तीनच्या पहाऱ्याला त्यांनी आपणहून नाव दिले. मी त्या वेळी मुद्दाम उठून मंडपात जाऊन बसलो. पुतण्या शेजारी उभा होता; मी त्याला खुणेने मागे बोलावले, तर विणेकऱ्यांनीच मान हलवून त्याला जवळ राहू दिले. चार वाजता वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली. ते माझ्यापाशी येऊन बसले, घाम पुसला, खिशातून वही काढली आणि पेन्सिलीने काही लिहिले. मी विचारले, "किती, माउली?"

"दोन आणं ऱ्हायल्यात, महाराज," म्हणाले, आणि टाळ शोधू लागले.